आधी कर्ज, मग निविदा : पुणे महापालिकेच्या २०० कोटींच्या रोख्यांचं प्रकरण

जून २०२७ मध्ये पुणे महापालिकेला २०० कोटी रुपये परत करायचे आहेत. हे कर्ज रोख्यांतून, म्हणजे व्याजासह परतफेडीचं लेखी वचन गुंतवणूकदारांना विकून, २०१७ मध्ये काढलं. तेव्हा महापौर मुक्ता टिळक होत्या, स्थायी समितीचे अध्यक्ष मुरलीधर मोहोळ होते आणि आयुक्त कुणाल कुमार. टिळक आज हयात नाहीत. मोहोळ केंद्रात मंत्री आहेत. कुणाल कुमार पुण्याहून दिल्लीला गेले आणि तिथे स्मार्ट सिटी अभियानाचे संचालक झाले. परतफेडीचं वर्ष मात्र येतंय ते जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाच्या वाट्याला. त्यातल्या कित्येक माननीयांनी २०१७ ची ती सभा पाहिलेलीसुद्धा नाही. (पुण्यात नगरसेवकांना ‘माननीय’ म्हणायची पद्धत आहे. त्यात आदर किती आणि कुचेष्टा किती, हे म्हणणाऱ्याच्या आवाजावरून ओळखायचं.)

हे जुनं प्रकरण आत्ता उकरून काढायला कारण आहे. १४ मार्च २०२२ रोजी पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं मुख्य सभा (सगळ्या नगरसेवकांची), स्थायी समिती आणि आयुक्त हे तिन्ही एकाच खुर्चीत बसले होते. तिला प्रशासकाची खुर्ची म्हणायचे. या काळात अर्थसंकल्प मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. २०२५-२६ चा १२,६१८ कोटींचा अर्थसंकल्प असाच झाला. आता सभागृह परत आलंय. म्हणजे विषयपत्रिका निघणार, मूळ विषयात बदल सुचवणाऱ्या उपसूचना येणार, हात वर होणार. मोठ्या खर्चाचे विषय पुन्हा मतांनी ठरणार. अशा वेळी एक मोठं मतदान नेमकं कसं झालं, त्यात काय विचारलं गेलं आणि काय विचारायचं राहून गेलं, हे नीट पाहिलेलं बरं.

पाणी आहे, पण सगळीकडे नाही

पुण्याला पाण्याची टंचाई आहे, असं म्हणणं तितकंसं खरं नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची क्षमता मिळून २९ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास आहे. महापालिकेचा मंजूर कोटा साडेअकरा टीएमसीचा, आणि प्रत्यक्षात शहर त्याहून बरंच जास्त पाणी उचलतं. यावरून पाटबंधारे खात्याशी दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी मिटतो. म्हणजे पाणी शहरापर्यंत पोचतं. पुढे ते कुठे जातं, हाच प्रश्न. पेठांमध्ये भरपूर, टेकडीवरच्या सोसायटीत दोन तास, हद्दीलगतच्या वस्तीत टँकर. जुन्या नळ्या गळतात आणि किती गळतात ते मोजायला मीटर नाहीत. गळती तीस-चाळीस टक्के असल्याचं महापालिका स्वतःच सांगत आली.

यावरचा उपाय म्हणून ‘समान पाणीपुरवठा योजना’ आली. लोकांच्या तोंडी ती ‘चोवीस तास पाणी’ म्हणून बसली. ८२ साठवण टाक्या, सुमारे सोळाशे किलोमीटर नव्या जलवाहिन्या, शहराचे १४१ विभाग आणि घरोघरी मीटर. प्रत्येक विभागात किती पाणी गेलं आणि किती वापरलं गेलं याचा हिशेब लागला, की गळती सापडणार आणि पाणी सारखं वाटलं जाणार. कल्पना चांगली होती, आजही आहे. योजनेला आणि तिच्यासाठीच्या पाणीपट्टीवाढीला मंजुरी मिळाली ती पालिकेत राष्ट्रवादी काँग्रेसची सत्ता असताना. हे लक्षात ठेवायला हवं, कारण वर्षभरात बाकं बदलली आणि भाषणंही.

फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत भाजपला पहिल्यांदाच पुण्यात स्पष्ट बहुमत मिळालं. ज्यांनी योजना मंजूर केली होती ते विरोधी बाकांवर गेले. आयुक्त तेच राहिले. आणि योजनेला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न नव्या सत्ताधाऱ्यांपुढे आला.

कर्ज का काढावं लागलं

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण सभागृहातल्या भाषणांमध्ये हा भाग हमखास गाळला जातो.

एके काळी पुण्यासारख्या महापालिकेचा जीव जकातीत होता. शहराच्या नाक्यावर मालट्रक थांबायचा, पैसे भरायचा, पालिकेच्या तिजोरीत रोजच्या रोज रोकड यायची. एप्रिल २०१३ मध्ये जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. व्यापाऱ्यांनी तो कधी मनापासून मानला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये वर्षाला ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांचा एलबीटी माफ झाला, म्हणजे व्यवहारात बहुतेक सगळ्यांचाच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलासुरलाही संपला. त्याऐवजी राज्य सरकार दरमहा भरपाई देतं. ती येते, पण ती पालिकेने लावलेल्या कराची रक्कम नव्हे, दुसऱ्याने ठरवलेली रक्कम आहे. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न उरलं मिळकतकर, बांधकाम परवानगीचं शुल्क आणि पाणीपट्टी. बांधकामाचा बाजार पडला की दुसरं आटतं. पहिलं आणि तिसरं वाढवायचं तर सभागृहात हात वर करावा लागतो, आणि निवडणूक जवळ असो वा लांब, करवाढीसाठी तो हात सहसा वर होत नाही.

२०१७-१८ साठी आयुक्तांनी मांडलेला अर्थसंकल्प ५,६०० कोटींचा होता. त्यातला मोठा वाटा पगार, निवृत्तिवेतन, वीज आणि चालू कामांचं दायित्व यांत जातो. पाण्याच्या योजनेला लागणारी रक्कम एका वर्षाच्या भांडवली खर्चातून निघणारी नव्हती. म्हणून प्रस्ताव आला : पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने २,२६४ कोटींचे कर्जरोखे काढायचे, पहिला टप्पा २०० कोटींचा.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पालिकेला कर्ज काढता येतं, पण त्याला मुख्य सभेचा ठराव लागतो आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. राज्यात आणि पालिकेत एकच पक्ष असल्याने दुसरी अट अवघड नव्हती. पहिलीही बहुमताच्या जोरावर सुटणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. २०१७ च्या उन्हाळ्यात हा विषय सभागृहात आला, विरोधकांनी कडाडून विरोध केला, आणि विषय बहुमताने मंजूर झाला.

भांडण कशावर झालं

विरोधकांचा मुद्दा थोडक्यात असा होता : तुम्ही पुणेकरांना कर्जबाजारी करताय. पालिकेच्या ठेवी बँकेत पडून असताना व्याजाने पैसे कशाला? सत्ताधाऱ्यांचं उत्तर : कर्ज काढणं ही नामुष्की नाही, उलट शहराची पत आहे म्हणून कर्ज मिळतं.

खरं सांगायचं तर या वादात सत्ताधारी बरोबर होते. जी वस्तू पन्नास वर्षं टिकणार, तिची किंमत आजच्या एका वर्षाच्या करदात्यानेच का भरायची? नळ आज टाकला तर २०४० मध्ये पुण्यात राहायला येणारा माणूसही त्यातलंच पाणी पिणार आहे, त्यानेही थोडं द्यावं. धरणं, पूल, जलवाहिन्या कर्जावर उभ्या राहतात त्या याच न्यायाने. आकडेही फार भीतिदायक नव्हते. रोख्यांचा व्याजदर ७.५९ टक्के ठरला, २०० कोटींवर म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख व्याज. सगळे २,२६४ कोटी याच दराने काढले असते तरी वर्षाचं व्याज पावणेदोनशे कोटींच्या आत, म्हणजे तेव्हाच्या अर्थसंकल्पाच्या सुमारे तीन टक्के. ‘कर्जबाजारी’ हा शब्द त्याला जड होतो.

पण हा वाद जिंकून सत्ताधारी दुसऱ्याच ठिकाणी अडखळणार होते, आणि विरोधकही चुकीच्या दारावर धडका मारत होते. कर्ज काढावं की नाही यावर सभागृहाचा सगळा वेळ गेला. कर्ज *कधी* काढावं हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

घंटा वाजली

२२ जून २०१७ रोजी मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवून पुणे महापालिकेच्या रोख्यांची नोंदणी झाली. केंद्रीय नगरविकासमंत्री व्यंकय्या नायडू आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस समारंभाला होते. प्रसंग मोठाच होता. बंगळूरने १९९७ मध्ये आणि अहमदाबादने १९९८ मध्ये रोखे काढले होते, पण पुढे देशात हा मार्ग जवळजवळ ओस पडला. शेअर बाजाराची नियंत्रक असलेल्या सेबीने २०१५ मध्ये महापालिकांच्या रोख्यांसाठी नवे नियम केले आणि त्या नियमांखाली बाजारात उतरलेलं पहिलं शहर पुणे ठरलं. मुदत दहा वर्षं. पतमानांकन ‘एए प्लस’, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या एकच पायरी खाली. मागितलेल्या रकमेच्या सुमारे सहापट मागणी आली. परतफेडीची हमी म्हणून मिळकतकराचं उत्पन्न एका वेगळ्या राखीव खात्यातून फिरवायची व्यवस्था झाली. म्हणजे कर भरणाऱ्याच्या पैशातून आधी रोखेधारकाचं व्याज, मग बाकीचं. राज्य सरकारची हमी नाही, शहराच्या स्वतःच्या पतीवर पैसा उभा राहिला. पुणेकराने याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, आणि पुणेकराला त्यासाठी परवानगी लागतही नाही.

त्याच समारंभात नायडू बोलून गेले की कर्जमाफी ही आता फॅशन झाली आहे. राज्यात तेव्हा शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलेलं होतं. साहजिकच दुसऱ्या दिवशी बातमी त्या वाक्याची झाली, रोख्यांची नाही. दोनच दिवसांनी राज्य सरकारने ३४ हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. एका शहराने वेळेवर कर्ज फेडायची हमी देत बाजारात पाऊल टाकलं, त्याच आठवड्यातला हा योगायोग. लिहायचं म्हणून लिहिलेला वाटेल, पण तो घडलेला आहे.

आणि निविदा कोसळली

पैसा पालिकेच्या खात्यात आला. काम कुठे होतं?

टाक्यांचं काम आधीच दिलेलं होतं. पण योजनेचा मोठा तुकडा, म्हणजे जलवाहिन्या आणि मीटर, यांच्या निविदा वादात सापडल्या होत्या. आलेले देकार, म्हणजे ठेकेदारांनी मागितलेले दर, पूर्वगणनपत्रकातल्या (पालिकेच्या स्वतःच्या अंदाजातल्या) दरापेक्षा सुमारे पाव पटीने चढे होते. ठेकेदारांनी संगनमत केल्याचे आरोप झाले, आणि ते केवळ विरोधकांनी केले असं नाही, सत्ताधाऱ्यांच्या गोटातूनही झाले. शिवाय जलवाहिन्यांसोबत ऑप्टिकल फायबरसाठीची नळी टाकायचं काम निविदेत घातलेलं होतं. पाण्याच्या योजनेत इंटरनेटची केबल कशाला, असा सरळ प्रश्न शहरातले कार्यकर्ते विचारत होते. रस्ता एकदाच खणावा हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण पाण्याच्या नावाने मंजूर केलेल्या कर्जातून तो खर्च व्हावा का, यावर सभागृहात आधी स्पष्ट मतदान व्हायला हवं होतं.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात या निविदा रद्द झाल्या. नव्याने अंदाज, नव्याने निविदा, आणि काम दिलं गेलं ते पुढच्या वर्षी. फेरनिविदेमुळे शेकडो कोटी वाचल्याचं सत्ताधाऱ्यांनी सांगितलं. चढ्या दराची निविदा रद्द करणं योग्यच होतं. पण मधल्या काळात रोख्यांचे २०० कोटी बँकेत ठेव म्हणून पडून राहिले आणि त्यांच्यावरचं व्याज चालू राहिलं. ‘रोज चार लाखांचं व्याज’ हा हिशेब चहाच्या टपरीवर सुद्धा करता येण्याजोगा होता. १५ कोटी १८ लाखांना ३६५ ने भागलं की झालं. विरोधकांना हवा होता तो दारूगोळा आयता मिळाला.

इथे मात्र थांबून नीट हिशेब करायला हवा, कारण चार लाखांचा आकडा अर्धाच खरा आहे. पैसा पेटीत ठेवलेला नव्हता, बँकेत होता, आणि बँक ठेवीवर व्याज देते. समजा सहा टक्के मिळाले. मग २०० कोटींवर वर्षाला १२ कोटी आले, १५ कोटी १८ लाख गेले, फरक ३ कोटी १८ लाखांचा. रोजचे सत्त्याऐंशी हजार. नव्याने काम दिलं जाईपर्यंतच्या आठेक महिन्यांचे दोन कोटींच्या थोडं वर. दुसरीकडे, बाजारात जाणाऱ्या शहरांना केंद्र सरकारने प्रोत्साहन म्हणून दर १०० कोटींमागे १३ कोटी द्यायचं ठरवलं होतं, त्यातून पुण्याला २६ कोटी मिळाले. म्हणजे निव्वळ व्याजाच्या वहीत पाहिलं तर पालिका त्या काळात तोट्यात नव्हती. आरोप करणाऱ्यांनी हे सांगितलं नाही. गंमत म्हणजे, उत्तर देणाऱ्यांनीही ते आकड्यांत मांडून शांतपणे सांगितल्याचं मला आठवत नाही. ते ‘पारदर्शक कारभार’ या शब्दावर थांबले.

मग नुकसान कशाचं झालं? वेळेचं. आणि दुसरं, मोजायला कठीण असं : विश्वासाचं. ‘कर्ज काढलं आणि बँकेत ठेवलं’ हे वाक्य शहराच्या डोक्यात असं पक्कं बसलं की २,२६४ कोटींच्या मूळ आराखड्यातले पुढचे टप्पे कधी बाजारात गेलेच नाहीत. पहिला टप्पा तोच शेवटचा ठरला. योजना उरली, तिला पैसा वर्षाच्या वर्षाला अर्थसंकल्पातून पुरवायचा, म्हणजे जिथून सुटका करून घेण्यासाठी रोखे काढले होते तिथेच परत.

हद्द वाढली, मीटर अडले

ऑक्टोबर २०१७ मध्ये, म्हणजे घंटा वाजून चार महिने व्हायच्या सुमारास, ११ गावं महापालिकेत आली. २०२१ मध्ये आणखी २३. योजना आखली होती ती जुन्या हद्दीसाठी. ज्या सभागृहाने ८२ टाक्यांना हात वर केला, त्याच्या डोळ्यांसमोर जे शहर होतं ते काम सुरू होईपर्यंत राहिलंच नाही. समाविष्ट गावांतला माणूस मिळकतकर भरतो आणि टँकरच्या पाण्यावर राहतो. त्याच्या करातूनही रोखेधारकाचं व्याज जातं, असं त्याला सांगितलं तर तो काय म्हणेल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

मीटरची गोष्ट वेगळी. मीटर म्हणजे बिल, असा लोकांचा समज, आणि तो अगदी चूकही नाही. अनेक ठिकाणी मीटर बसवू देण्यालाच विरोध झाला. लोकप्रतिनिधींची पंचाईत अशी की सभागृहात त्यांनी योजनेला मत दिलं होतं आणि प्रभागात त्यांना मीटरच्या विरोधात उभं राहावं लागत होतं. योजना पाच वर्षांत पूर्ण व्हायची होती, ती मुदत केव्हाच उलटली आणि पुढे वाढत गेली. काही विभागांत बदल जाणवतो, गळत्या सापडल्या, दुरुस्त झाल्या. ‘चोवीस तास’ हा शब्द मात्र आता कोणी फारसा उच्चारत नाही.

जाता जाता एक आठवण. २१ जून २०१८ रोजी, रोख्यांच्या समारंभाला एक वर्ष पूर्ण होता होता, महापालिकेच्या नव्या इमारतीचं आणि नव्या सभागृहाचं उद्घाटन झालं. प्रमुख पाहुणे पुन्हा व्यंकय्या नायडूच, आता उपराष्ट्रपती म्हणून. बाहेर पाऊस आला आणि उद्घाटनाच्याच दिवशी सभागृहाचं छत गळलं. गळती थांबवण्याची योजना राबवणाऱ्या संस्थेच्या डोक्यावर पाणी टपकावं, यावर पुण्यात किती विनोद झाले असतील ते सांगायला नको.

विषयपत्रिकेत काय वाचायचं

मुख्य सभेचा विषय कसा दिसतो हे ज्याने पाहिलेलं नाही त्याला आश्चर्य वाटेल. शेकडो कोटींचा खर्च चार ओळींत असतो : अमुक कामास, अमुक कलमानुसार, अमुक इतक्या खर्चास मान्यता देणेबाबत. खाली सूचक, अनुमोदक. सोबतचं आयुक्तांचं पत्र मागून घ्यावं लागतं. एखादा अडचणीचा विषय ऐनवेळी दाखल होतो. एखादा न आवडणारा विषय ‘दप्तरी दाखल’ होतो, म्हणजे अदबीने पुरला जातो. नाव न घेता विषय मारायचा तर ‘एक महिना पुढे’. पुण्यातले जुने पत्रकार सांगतात की भाषणांपेक्षा उपसूचना वाचाव्यात, कारण खरा फेरफार तिथे असतो : मूळ विषय एका रस्त्याचा आणि उपसूचनेत तीन रस्ते.

रोख्यांच्या प्रकरणातून शिकणाऱ्याने आता कर्जाचा किंवा बहुवर्षीय कामाचा विषय आला की काय शोधावं? पहिली गोष्ट, निविदा कुठवर आली आहे. देकार उघडलेत का, दर पूर्वगणनपत्रकाच्या वर आहेत की खाली? २०१७ मध्ये हे कळायला सभागृहाला काही महिने थांबावं लागलं असतं, आणि थांबून काही बिघडलं नसतं. उलट सभागृहाला सरळ अशी उपसूचना देता आली असती की निविदा स्वीकृत झाल्यावरच रोखे काढावेत. एका ओळीची उपसूचना. तिने पुढचे सगळे मथळे टळले असते. कर्जाला विरोध करणाऱ्यांनी ती दिली असती तर सत्ताधाऱ्यांना ती फेटाळणंही जड गेलं असतं. पण ‘नको’ म्हणणं सोपं असतं, ‘आत्ता नको, अमुक झाल्यावर’ म्हणायला फाईल वाचावी लागते.

दुसरी, दायित्व. एकाहून जास्त वर्षं चालणाऱ्या कामांचा विषय पालिकेत ‘७२ ब’ म्हणून ओळखला जातो. पुढच्या वर्षांचे अर्थसंकल्प आजच बांधून टाकायचे, तर ही मान्यता लागते. असे विषय एकेकटे आले की कोणताच जड वाटत नाही. म्हणून दर वेळी विचारायचं की आजवर अशी मान्यता दिलेल्या कामांची एकूण रक्कम किती झाली. नदीकाठ सुधारणा प्रकल्पच घ्या, ४४ किलोमीटर काठ आणि ४,७२७ कोटी. तो एका सभागृहाच्या काळात मंजूर झाला, प्रशासकाच्या काळात चालू राहिला, आता तिसऱ्यांच्या हातात आहे. नदीचं सांडपाणी शुद्ध करायची जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातली योजना तर २०१६ च्या सुरुवातीला मंजूर झाली, ९९० कोटींची. त्यातला पंच्याऐंशी टक्के पैसा केंद्राकडून येणार होता. तरी निविदांच्याच घोळात वर्षं गेली आणि काम २०२२ मध्ये सुरू झालं. पैसा ही अडचण नसतानासुद्धा काम निविदेवर अडतं, याचा हा दुसरा दाखला त्याच इमारतीतला.

प्रकल्प खर्चिक आहे की स्वस्त, यावर तावातावाने बोलणारे पुष्कळ असतात. माझ्या मते त्यात वेळ घालवू नये. चांगली जलवाहिनी महागच असते. विचारायचं ते क्रमाबद्दल : जागा ताब्यात आहे का, परवानग्या आहेत का, दर ठरलाय का, आणि मग पैसा. हा क्रम उलटा झाला की चांगलं कामही बदनाम होतं. पिंपरी-चिंचवडनेही २०२३ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले. राज्यातल्या इतर महापालिकाही या वाटेला लागताना दिसतील, केंद्राचं प्रोत्साहन आहे आणि बाजाराची तयारी आहे. त्या सगळ्या सभागृहांत ‘कर्जबाजारी’ आणि ‘पत’ ही दोन भाषणं पुन्हा होतील, बाकं तेवढी बदललेली असतील.

राहिला २०२७ चा विषय. दहा वर्षांत २०० कोटींवर दीडशे कोटींच्या वर व्याज जातं, प्रोत्साहनाचे २६ कोटी वजा केले तरी सव्वाशे कोटी. मुद्दल वेगळंच. ते फेडण्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम कर्जफेड निधीत बाजूला टाकायची असते. २०२७-२८ चा अर्थसंकल्प स्थायी समितीकडून मुख्य सभेत येईल तेव्हा त्या जाडजूड पुस्तकात, भाषणात नाही, कुठेतरी मागच्या पानांवर, कर्जरोख्यांच्या परतफेडीची एक ओळ असेल. तिच्यासमोर निधीचं नाव आहे की चालू वर्षाच्या उत्पन्नाचं, की नव्या कर्जाचं, ते तेवढं बघायचं. सभा बहुधा संध्याकाळी उशिरापर्यंत चालेल आणि ते पान येईपर्यंत गॅलरीतले लोक घरी गेलेले असतील.